चार दिवसांचें संगीत

कोणत्याही कलाप्रकाराचें आयुष्य कसें मोजावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. एखादें गाणें किती वर्षें लोकांच्या ओठीं राहिलें यावरून आपण त्याची योग्यता ठरवितों, आणि जें दोन पावसाळे टिकलें नाहीं त्याची 'खूळ' म्हणून बोळवण करितों. हा न्याय पुष्कळ वेळां बरोबरच ठरतो. पण केव्हां केव्हां तो साफ चुकतो. आणि तो कसा चुकतो, हें दाखविणारें एक नामी उदाहरण गेल्या शतकांतील इंग्लंडमध्यें सांपडतें. १९५६ पासून १९५८ पर्यंतच्या दोन-अडीच वर्षांत त्या देशांतील तरुणांना 'स्किफल' नांवाच्या संगीतानें अक्षरशः झपाटलें होतें. ब्रिटिश रॉक संगीताच्या वंशावळींत हें नांव अगदीं आरंभीं येतें. पण आज ज्या घरांतून रॉकच्या ध्वनिमुद्रिका हौसेनें जमविलेल्या असतात, तेथेंही स्किफलची एखादी तबकडी निघेलच असें नाहीं. तेव्हां सहजच मनांत येतें कीं, जें असें चार दिवस गाजून मावळलें, त्याचा आज कांहीं मागमूस उरला आहे काय? आमच्या मतें तो उरला आहे, आणि पुष्कळ उरला आहे. मात्र तो सुरावटींत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं.

प्रथम या नांवाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. 'स्किफल' हा शब्द अमेरिकेंतला. १९२० नंतरच्या दशकांत शिकागोसारख्या उत्तरेकडील शहरांतून राहणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घरभाडें भागविणें जड जाई. अशा वेळीं एखादें कुटुंब आपल्या बिऱ्हाडींच गाण्याबजावण्याची बैठक भरवी, येणाऱ्यांकडून थोडेथोडे पैसे घेई आणि त्यांतून घरमालकाचें देणें चुकवी. अशा संगीतांत विकतचीं वाद्यें थोडीं आणि घरांतलीं अधिक. मातीचा बुधला, कपडे चोळण्याची फळी, जें हातीं येईल त्यावर ताल धरावा आणि गावें, अशी रीत. या बैठकींना व त्यांतील संगीताला जीं नांवें पडलीं, त्यांत 'स्किफल' हें एक होतें. अर्थात् हें संगीत गरिबाच्या खोलींतलें, आणि जमलेल्या सर्वांचा हात ज्यास लागूं शकतो असें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण त्याच्या पुढील साऱ्या चरित्राचें बीज तींत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत जुन्या धर्तीच्या जॅझ संगीताचे कांहीं निष्ठावंत उपासक निर्माण झाले. त्यांतला केन कॉलियर हा तर व्यापारी जहाजावर नोकरी धरून, तें जहाज मध्येंच सोडून, जॅझचें माहेरघर जें न्यू ऑर्लिन्स शहर तेथें १९५२ सालीं जाऊन पोंचला. आणि परवान्याची मुदत टळल्यामुळें कांहीं दिवस तुरुंगांतही बसला. तो परत आल्यावर त्याच्या व ख्रिस बार्बरच्या वाद्यवृंदांत एक प्रघात पडला. तुतारी वाजविणाऱ्यांनीं श्वास घेण्यास विश्रांति घेतली कीं मधल्या वेळांत दोघातिघांनीं गिटार घेऊन अमेरिकन लोकगीतें गावयाचीं. या मधल्या वेळच्या गाण्यालाच ते 'स्किफल' म्हणूं लागले. म्हणजे तें मुख्य पक्वान्न नव्हे. दोन पंगतींच्या मधलें पानसुपारीचें तबक.

१३ जुलै १९५४ रोजीं बार्बरच्या वाद्यवृंदानें डेक्का कंपनीसाठीं कांहीं गाणीं मुद्रित केलीं. त्यांत लॉनी डोनेगन नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणानें 'रॉक आयलंड लाइन' हें रेल्वेवरचें गाणें म्हटलें. साथीला बार्बरचें मोठें उभें तंतुवाद्य आणि बेरिल ब्रायडेन या बाईंची कपडे धुण्याची फळी, एवढाच सरंजाम. इंग्लंडमधील युद्धकालीन शिधावाटप त्याच महिन्याच्या ४ तारखेस, म्हणजे अवघे नऊ दिवस आधीं, पुरतें संपलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या काळच्या घरांची कल्पना येईल. चौदा वर्षें प्रत्येक वस्तु मोजून वापरण्याची ज्यांना संवय लागली होती, अशीं तीं घरें. १९५५ च्या अखेरीस तें गाणें स्वतंत्र तबकडीवर निघालें, आणि पुढच्या वर्षीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांतील पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसलें. डोनेगनला मात्र मुद्रणाच्या दिवसाची ठराविक बिदागी तेवढी मिळाली.

लोकांनीं एक गाणें ऐकलें आणि त्यांना तें आवडलें, एवढीच ही गोष्ट असती तर ती येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. खरी नवलाई पुढें आहे. हें गाणें ऐकणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या मनांत 'वाहवा' उमटली त्याच क्षणीं 'हें आपल्यालाही जमेल' हा विचार उमटला. आणि तो खोटा नव्हता. गिटारवर तीन-चार बोटें ठराविक जागीं ठेवून साऱ्या तारा एकदम छेडल्या कीं जो स्वरांचा मेळ निघतो, त्यास स्वरसंगती म्हणतात. स्किफलचीं बहुतेक गाणीं अशा तीन स्वरसंगतींत बसत. चिकाटीचा मुलगा त्या थोडक्या दिवसांत शिके. ठेक्यासाठीं आईची कपडे चोळण्याची नागमोडी पत्र्याची फळी घ्यावयाची, बोटांत शिवणाचीं अंगुस्तानें घालावयाचीं आणि त्या वळ्यांवरून फिरवावयाचीं. खर्जाच्या स्वरासाठीं चहाचें रिकामें खोकें पालथें घालावयाचें, त्याला झाडूचा दांडा लावावयाचा आणि दांड्याच्या टोंकापासून खोक्यापर्यंत एक दोरी ताणावयाची. दांडा मागें-पुढें झुकविला कीं दोरीचा ताण बदले व स्वर चढे-उतरे. आसाम व सिलोनच्या मळ्यांतला चहा ज्या खोक्यांतून विलायतेस जाई, तींच हीं खोकीं. वाण्याच्या दुकानामागें तीं पडलेलीं असत. विकत घेण्याची वस्तु म्हणजे काय ती गिटार. डॉलरच्या टंचाईमुळें अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत निर्बंध होते; तेव्हां तीही साधी, स्वस्तांतली, बोटें सोलून काढणारी असे.

पाहतां पाहतां शाळा, कारखाने, देवळांचीं सभागृहें, तळघरांतील कॉफीगृहें अशा ठिकठिकाणीं हजारों स्किफल-मंडळ्या निघाल्या. लिव्हरपूल शहरांत एका शाळेंतील मुलांनीं शाळेच्याच नांवावरून 'क्वॉरीमेन' ही मंडळी काढली. तिचा म्होरक्या जॉन लेनन. हा मावशीच्या घरीं वाढलेला. पण त्याला पहिले सूर दाखविले ते त्याच्या आईनें, आणि तेही बँजो या वाद्याचे. त्यामुळें पुष्कळ दिवस तो गिटारवर बँजोचींच बोटें वाजवीत असे! ६ जुलै १९५७ रोजीं चर्चच्या जत्रेंत ही मंडळी गात असतां, पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी तेथें आला. वडिलांनीं वाढदिवसाला दिलेली तुतारी दुकानांत परत करून त्यानें तिच्या बदल्यांत गिटार घेतली होती, आणि ती स्वरांत लावण्याची कला, जी मंडळींतील कोणासच धड अवगत नव्हती, ती त्याला येत होती. पुढल्या वर्षीं जॉर्ज हॅरिसन येऊन मिळाला. त्याच सुमारास दुसऱ्या एका कारखान्यांत रिंगो स्टार हा सोबत्यांबरोबर जेवणाच्या सुटींत स्किफल वाजवीत होता. हे चौघे म्हणजे पुढील जगप्रसिद्ध बीटल्स. लखनौ येथें जन्मलेला व भारत स्वतंत्र झाल्यावर १९४८ सालीं कुटुंबाबरोबर विलायतेस गेलेला क्लिफ रिचर्ड हाही आरंभीं अशाच एका मंडळींत गात असे. 'लेड झेपेलिन'चा जिमी पेज पोरवयांत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर स्किफल वाजवितांना दिसला, त्याचें चित्रण आजही पाहावयास मिळतें.

मग हें वेड गेलें कोठें? त्याच्या ओहोटीची तारीख सरकारी दप्तरांत सांपडावी तशी बी. बी. सी. च्या कार्यक्रमपत्रिकेंत सांपडते. जून १९५७ मध्यें त्या संस्थेनें शनिवार सकाळीं 'सॅटर्डे स्किफल क्लब' हा कार्यक्रम सुरू केला. ऑक्टोबर १९५८ मध्यें त्याच कार्यक्रमाच्या नांवांतून 'स्किफल' हा शब्द गळाला आणि नुसता 'सॅटर्डे क्लब' उरला. तो पुढें १९६९ पर्यंत चालला. एका शब्दाचें आयुष्य अवघें सोळा महिन्यांचें! ज्यांना तीन स्वरसंगतींपलीकडे जाण्याची ओढ लागली, त्यांनीं विजेवरची गिटार घेतली, खोक्याच्या जागीं खरें खर्जवाद्य आणलें, फळी आईला परत केली. ज्यांना ती ओढ नव्हती त्यांनीं नोकऱ्या धरल्या, लग्नें केलीं. स्किफलला कोणीं मारलें नाहीं. शाळेचा गणवेष अंगास होईनासा व्हावा, तसें तें मुलांना तोकडें पडलें.

येथें एक रास्त आक्षेप निघतो. हीं पोरें नाहीं तरी गायलींच असतीं. त्याच १९५६ सालीं एल्विस प्रेस्लेच्या गाण्यांनीं इंग्लंड दणाणून गेलें होतें, मग श्रेय या खोक्या-फळीला कां द्यावें? आक्षेपांत तथ्य आहे. त्या मुलांना स्वप्न दाखविलें तें प्रेस्लेनेंच. पण स्वप्न दिसणें निराळें आणि त्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतां येणें निराळें. प्रेस्लेच्या तबकडीमागें विजेचीं वाद्यें होतीं, कसलेले वादक होते आणि समुद्रापलीकडची श्रीमंती होती. इंग्लंडांत गाण्यासाठीं तर तो कधींच आला नाहीं. तें पाहून भक्त व्हावें, वादक होण्याची आशा बाळगूं नये, अशीच सामान्य घरांतील मुलाची समजूत झाली असती. डोनेगननें तीच गोष्ट त्याच्या घराच्या उंबरठ्याशीं आणून ठेवली. ६ जुलैच्या त्या जत्रेचें एका श्रोत्यानें केलेलें ध्वनिमुद्रण १९९४ सालीं लिलांवांत विकलें गेलें. त्यांत सोळा वर्षांचा लेनन प्रेस्लेचें एक गाणें गातो आणि डोनेगनचेंही एक गातो. एकाच फितीवर दोन्ही ऋणें नोंदलेलीं आहेत.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, स्किफलचा वारसा त्याच्या चालींत नसून हातांच्या संख्येंत आहे. एका पिढीच्या हजारों हातांनीं त्या दोन वर्षांत पहिल्यानें वाद्य धरलें. त्यांतले बहुतेक हात लौकरच रिकामे झाले. पण जे राहिले, त्यांनीं पुढील वीस वर्षांचें ब्रिटिश संगीत घडविलें. लंडनमधील वॉर्डर स्ट्रीटवर अ‍ॅलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस यांनीं एका स्किफल-मंडळाच्या जागीं १९५७ सालीं ब्लूज संगीताची बैठक सुरू केली. त्यांच्याच पुढील उद्योगांतून 'रोलिंग स्टोन्स'च्या मंडळींना पहिला आसरा मिळाला. इंग्लंडमधील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनालाही वादक पुरविले ते याच वेडानें. आणि १९७६-७७ च्या सुमारास 'पंक' संगीताचें बंड उठलें, तेव्हां एका हौशी नियतकालिकानें तीन स्वरसंगतींच्या आकृत्या छापून, आतां आपापल्या मंडळ्या काढा, असा वाचकांना सल्ला दिला. आकृत्या काढणाऱ्यास स्किफलची आठवण असो वा नसो. वीस वर्षांपूर्वींचाच धडा तो नव्या शाईनें गिरवीत होता.

या वारशाला एक काळी बाजूही आहे, ती झांकणें योग्य नव्हे. 'रॉक आयलंड लाइन' हें गाणें लेड बेली या कृष्णवर्णीय गायकामुळें जगास कळलें. आणि १९३४ सालीं तें प्रथम टिपलें गेलें तें अर्कान्सा संस्थानांतील तुरुंगाच्या कैद्यांकडून. लेड बेली १९४९ सालींच वारला. इंग्लंडमधलें तें कौतुक त्याला पाहावयास मिळालें नाहीं. दुसरें उदाहरण एलिझाबेथ कॉटन या बाईंचें. यांनीं लहानपणीं 'फ्रेट ट्रेन' हें गाणें रचलें. पुढें संसारांत वाद्य सुटलें. उतारवयांत वॉशिंग्टनजवळ सीगर नांवाच्या संगीतज्ञ कुटुंबांत त्या घरकाम करीत. त्या घरची मुलगी पेगी हिच्याकडून तें गाणें विलायतेस पोंचलें, आणि १९५७ सालीं एका स्किफल-मंडळीनें तें खूप लोकप्रिय केलें. परंतु तबकडीवर कर्ते म्हणून नांवें छापलीं गेलीं तीं भलत्याच दोघांचीं. पुढें झगडा करून बाईंचें नांव लागलें. साठी उलटल्यावर त्या स्वतः रंगमंचावर आल्या आणि नव्वदीच्या घरांत असतांना, १९८५ सालीं, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें. ज्या संगीतानें विलायतेंतील मुलांना दार उघडलें, तें मूळचें कोणाच्या घरचें होतें, हें विसरून त्याचा वारसा सांगणें म्हणजे ठेव स्वीकारून ठेवीदाराचें नांव खोडण्यासारखें आहे.

आतां आमच्या वाचकांच्या मनांतला दुसरा आक्षेप. आपल्याकडे संगीत ही साधना मानली जाते. गुरूपुढें वर्षानुवर्षें बसून एकेक स्वर घोटावा लागतो. तेथें तीन बोटांच्या खेळाचें एवढें कौतुक कशास? याचें उत्तर योगायोगानें मुंबईंतच मिळतें. स्किफलच्या शाळेंतून निघालेला तो जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्यें मुंबईस आला तो पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकण्यासाठीं. त्या वेळीं त्याच्याएवढी कीर्ति जगांत फार थोड्या वादकांस होती. तरी सतार धरून बसावें कसें येथपासून त्यानें आरंभ केला. जानेवारी १९६८ मध्यें त्यानें मुंबईच्या एच. एम. व्ही. ध्वनिमुद्रणगृहांत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांसारख्या कलावंतांना घेऊन एका चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. सतारीवर प्रभुत्व मिळविण्यास लागणारें आयुष्य आपल्या हातीं नाहीं, हें ओळखून तो पुन्हा गिटारकडे वळला. पण गुरूविषयींचा आदर ढळला नाहीं. १ ऑगस्ट १९७१ रोजीं बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं न्यूयॉर्कमध्यें दोघांनीं मिळून जलसा केला. सोपी पायरी आणि अवघड साधना यांत वैर नाहीं, हें यावरून दिसेल. खोक्याच्या ठेक्यावर नाचणारा मुलगा गुरूच्या पायांशीं पोंचूं शकतो. मात्र तें खोकें गुरूची जागा घेऊं शकत नाहीं.

शेवटीं आजचें काय, हें पाहिलें पाहिजे. व्हॅन मॉरिसननें १९९८ सालीं बेलफास्ट येथें डोनेगन व बार्बर या दोघांना सन्मानानें बोलावून त्यांच्यासह स्किफलचा जलसा केला आणि दोन वर्षांनीं त्याची ध्वनिमुद्रिका काढली. नोव्हेंबर २००२ मध्यें डोनेगन वारला. नांवानिशीं स्किफल आतां तुरळकच वाजतें. पण 'आधीं आरंभ करूं, मग शिकूं' ही त्याची शिकवण सर्वत्र रुळली आहे. इतकी, कीं ती कोणाची म्हणून आज कोणी विचारीतही नाहीं. घरोघर संगणक आणि फोन आहेत; त्यांवर पोरें खोलीचें दार लावून गाणीं तयार करतात. आतां तर यंत्राला नुसती आज्ञा करावी आणि त्यानें गाणें रचून, गाऊन द्यावें, येथवर मजल आली आहे.

येथें मात्र आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. साधनें स्वस्त झालीं, हा स्किफलचाच मार्ग पुढें गेला. पण त्याच्या गाडीला दुसरें चाक होतें, तें वाटेंत निखळलें. एक गिटारवर, एक फळीवर, एक खोक्यावर, असे तिघेचौघे एकत्र जमल्याखेरीज स्किफल होतच नसे. एकानें घाई केली कीं दुसऱ्यास थांबावें लागे. ज्याला गिटार लावतां येत नाहीं त्यानें ज्याला येतें त्याला जागा करून द्यावी लागे. आपल्याहून सरस वाजविणाऱ्या मुलास मंडळींत घ्यावें कीं न घ्यावें, घेतलें तर आपलें म्होरकेपण जाईल, हा विचार लेननलाही पडला होता. आणि त्यानें त्यास घेतलें. हा धडा संगणक देत नाहीं, आणि आज्ञेबरहुकूम गाणारें यंत्र तर हातालाच कांहीं काम ठेवीत नाहीं. स्किफलचा जो भाग टिकला तो सोपेपणाचा. जो टिकविण्याजोगा होता तो सोबतीचा.

ज्या कुटुंबांतून चुलत-आते-मामे भावंडें सुटींत एकत्र जमतात, तेथें ही सोबत आयती मिळते, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. चार मुलांनीं डबे, ताटें आणि आजोबांची जुनी पेटी घेऊन माडीवर कालवा मांडला, तर पहिल्याच दिवशीं त्यांना गप्प बसवूं नये. आणि दुसऱ्याच दिवशीं महागडें वाद्य आणून त्यांच्या गळ्यांतही बांधूं नये. सहा महिने कालवा चालूं द्यावा. तो आपोआप थांबला तर नुकसान झालें तें चार डब्यांच्या पोंच्यांचें. थांबला नाहीं आणि त्यांतलें एखादें मूल 'हें नीट कोण शिकवील?' असें विचारीत खालीं आलें, तर त्याच्यासाठीं चांगला गुरू शोधण्यास वडीलधाऱ्यांनीं त्याच संध्याकाळीं बाहेर पडावें.